जुनं औषध, नवा विषाणू: महासाथीत औषध कसं पारखायचं

नवा विषाणू आला की पहिल्या पंधरवड्यातच याद्या फिरू लागतात. कुणी मलेरियाच्या गोळीचं नाव घेतं, कुणी जंताच्या, कुणी एचआयव्हीच्या. आधीच परवानगी असलेल्या औषधांकडे वळणं रास्त आहे. नवं औषध शून्यापासून बाजारात यायला दहा वर्षं सहज जातात. जुन्या औषधाचा डोस आणि दुष्परिणाम माहीत असतात, कारखाना चालू असतो. पण कोविडच्या काळात पारखलेल्या बहुतेक जुन्या औषधांच्या पदरी काही पडलं नाही. जी खरोखर उपयोगी पडली त्यांतली डेक्सामेथासोन, टोसिलिझुमॅब आणि बॅरिसिटिनिब ही तिन्ही मुळात विषाणूला मारणारी नव्हतीच.

म्हणून हे काम औषध शोधण्यापेक्षा औषध बाद करण्याचं जास्त आहे. न चालणारं औषध जितक्या लवकर आणि स्वस्तात बाद होईल, तितके रुग्ण, खाटा आणि पैसे चालणाऱ्या औषधासाठी उरतात. इथे जे लिहिलं आहे ते पुण्यातले रेसिडेंट डॉक्टर, फार्माकॉलॉजी आणि जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी आणि ट्रायलमध्ये (रुग्णांवरच्या औषधचाचणीत) उतरू पाहणारी रुग्णालयं यांच्यासाठी. डोस ट्रायलमध्ये वापरलेले आहेत. ते वाचून कुणीही घरी गोळ्या घेऊ नयेत.

आधी आजाराचे दिवस मांडा

श्वसनाच्या अशा आजारात साधारण दोन टप्पे दिसतात. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो. पुढे काही रुग्णांत विषाणू ओसरू लागतो, पण शरीराची प्रतिकारयंत्रणाच फुप्फुसावर उलटते. विषाणू रोखणारं औषध दहाव्या दिवशी दिलं तर वेळ निघून गेलेली असते. स्टेरॉइड दुसऱ्या दिवशी दिलं तर विषाणूला रान मोकळं मिळतं. तेव्हा यादीतल्या प्रत्येक नावापुढे आधी लिहा: हे कोणत्या टप्प्याचं औषध आहे? ज्याचं उत्तर देता येत नाही ते नाव तिथेच बाजूला काढा.

ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलचे आकडे या बाबतीत पाठ असावेत. डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. व्हेंटिलेटरविना ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात मात्र औषध घेणाऱ्यांत १७.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत १४.० टक्के मृत्यू झाले. हा शेवटचा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण फायद्याची खूण त्यात अजिबात नाही. औषध एकच, डोस एकच, रुग्णाचा टप्पा बदलला की निकाल बदलला.

वॉर्डात याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. रुग्ण दिवस मोजतो ते रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यापासून, आणि केस पेपरवर पहिला दिवस म्हणून भरतीची तारीख पडते. ट्रायलला हवा असतो पहिल्या लक्षणाचा दिवस. ‘ताप कधीपासून?’ विचारलं तर ‘चार-पाच दिवस झाले’ असं उत्तर येतं, त्याचा उपयोग नाही. ‘अंग पहिल्यांदा मोडून आलं तो वार कोणता? त्या दिवशी कामावर गेला होतात का? जेवण गेलं का?’ असं विचारा, शेजारी नातेवाईक असेल तर त्यालाही विचारा. तारीख निघते. लक्षणाची, तपासणीची आणि भरतीची तारीख तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. रकाना एकच असला तर निकालाच्या वेळी कितीही डोकं खाजवलं तरी त्या वेगळ्या करता येत नाहीत.

संगणकावरची यादी

यात फार रमू नये. कोविडच्या मुख्य प्रोटिएजची, म्हणजे विषाणूला वाढायला लागणाऱ्या एका एन्झाइमची, रचना २०२० च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुली झाली होती. पुण्यात सी-डॅक हे संगणन केंद्र असल्याने मोठ्या संगणकाचं अप्रूप नाही. परवानगी असलेल्या काही हजार रेणूंचं डॉकिंग, म्हणजे रेणू विषाणूच्या एन्झाइमात कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज, आता लहान गटालाही जमतं. डॉकिंगला बसण्यापूर्वी मूळ रचनेत बांधलेला रेणू काढून पुन्हा त्याच जागी बसवून पाहा. तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त सरकला तर मांडणीच चुकली आहे, पुढे जाऊ नका. गुणांचा क्रम शब्दशः घेऊ नका: या प्रोग्रॅमची चूक दोन-तीन किलोकॅलरींची असते, त्यामुळे उणे ८.९ आणि उणे ८.२ हे आकडे सारखेच धरा. वरचे दहा न घेता वरचे दोनशे घ्या, आणि त्यांतले निम्मे पुढे ‘एक भागाकार’ या भागात दिलेल्या गणिताने कागदावरच गळतील.

पेशींवरची चाचणी

जिवंत विषाणूचं काम बीएसएल-३ (जैवसुरक्षेची तिसरी पातळी) दर्जाच्या प्रयोगशाळेतच होतं. पुण्यात हा अनुभव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे आहे. पाषाणला त्यांची बीएसएल-४ सोयही आहे. पेशींसाठी विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा संग्रह जवळ पडतो. तुमच्या प्रयोगशाळेला ही पातळी नसेल तर औषधांच्या प्लेट्स तयार करून देणं, विषाक्तता तपासणं आणि आकडेमोड करणं एवढं काम वाटून घ्या. तेही महत्त्वाचं आहे.

९६ खान्यांची प्लेट घ्या. प्रत्येक औषधाच्या आठ मात्रा, दर वेळी तिप्पट पातळ करत, प्रत्येक मात्रा तीन खान्यांत. डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात ते द्रावक) सगळ्या खान्यांत सारखं आणि ०.५ टक्क्यापेक्षा कमी ठेवा, कारण तेच वाढलं तर पेशी त्याने मरतात आणि दोष औषधावर जातो. प्लेटच्या कडेच्या खान्यांतलं पाणी उडतं, म्हणून तिथे नुसतं माध्यम भरा. विषाणू असलेले पण औषध नसलेले, आणि दोन्ही नसलेले खाने प्रत्येक प्लेटवर हवेत. एक ठाऊक असलेलं औषध, कोविडच्या बाबतीत रेमडेसिविर, दर प्लेटवर असू द्या. त्या दिवशी रेमडेसिविरच चाललं नसेल तर ती प्लेट फेकून द्या. झेड-प्राइम हा दर्जांक ०.५ च्या खाली गेला तरीही फेका.

त्याच मात्रांची विषाणूविना दुसरी प्लेट अत्यावश्यक आहे. पेशीच मेल्या तर विषाणू वाढायचा कुठे? निम्म्या पेशी मारणारी मात्रा भागिले विषाणू निम्म्याने रोखणारी मात्रा, हा भागाकार किमान १० यावा.

आता दोन सापळे, दोन्हींनी महिने खाल्ले आहेत. पहिला सापळा पेशींच्या निवडीचा. व्हेरो पेशी आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातल्या. विषाणू त्यांत जोमाने वाढतो म्हणून सगळे त्या वापरतात. पण तिथे सार्स-कोव्ह-२ (कोविडचा विषाणू) पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशव्यांमधून शिरतो आणि क्लोरोक्विन नेमकी त्या पिशव्यांची आम्लता घालवतं. माणसाच्या श्वासमार्गात टीएमपीआरएसएस-२ नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या मदतीने विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरूनच आत येतो. व्हेरो पेशींत क्लोरोक्विन सुमारे १ मायक्रोमोलर (द्रावणातल्या औषधाच्या प्रमाणाचं एकक) मात्रेला चाललं. कॅलू-३ या माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत ते चाललं नाही. व्हेरोवरचा निकाल कॅलू-३ वर पुन्हा मिळाल्याशिवाय तो कुणाला सांगूही नका.

दुसरा सापळा काही औषधांच्या रासायनिक स्वभावाचा. ज्या रेणूचा एक भाग तेलकट आणि दुसरा धनभारित, असे रेणू पेशीत साठून फॉस्फोलिपिडोसिस घडवतात: पेशीत चरबीचे थर साचतात आणि त्या गडबडीत विषाणूची वाढही थांबते. मनोविकाराची, ॲलर्जीची, हृदयाच्या ठोक्यांची कितीतरी औषधं यात मोडतात. पीकेए (धनभार धरण्याचा कल) ७.४ किंवा त्याहून जास्त आणि लॉग-पी (तेलकटपणा) ३ किंवा त्याहून जास्त असेल तर आधी फॉस्फोलिपिडोसिसची रंगचाचणी करा. जितका साठा जास्त तितका विषाणू कमी, असा सरळ संबंध दिसला तर ते औषध सोडा. माणसात ती मात्रा सोसणारी नाही.

एक भागाकार, जो सगळ्यात आधी व्हायला हवा

पूर्ण कामात सगळ्यात स्वस्त पायरी हीच आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते तीही हीच. प्लेटवर जी मात्रा लागली ती रुग्णाच्या रक्तात पोहोचते का?

आयव्हरमेक्टिनचं गणित मांडून पाहू. २०२० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेने दाखवलं की ५ मायक्रोमोलर मात्रेला पेशींतला विषाणू ४८ तासांत सुमारे पाच हजार पटींनी घटतो. आयव्हरमेक्टिनचा रेणूभार ८७५. म्हणजे ५ मायक्रोमोलर म्हणजे ५ गुणिले ८७५, मिलिलिटरला ४,३७५ नॅनोग्रॅम. आता माणसाकडे या. १२ मिग्रॅची गोळी उपाशीपोटी घेतल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी ४६.६ नॅनोग्रॅम. ४,३७५ भागिले ४६.६ म्हणजे जवळजवळ ९४. प्लेटवरची मात्रा रक्तात मिळवायची तर चौऱ्याण्णव पट औषध हवं. वर त्यातलं ९३ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. पेशीत शिरायला मोकळं राहतं ते सात टक्के. दुप्पट-तिप्पट डोसने ही दरी बुजत नाही. कागद, पेन आणि औषधाचं माहितीपत्रक एवढ्यावर हे दहा मिनिटांत कळतं. पुढे मोठ्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची नीट वाटणी केलेल्या ट्रायलमध्येही आयव्हरमेक्टिनचा उपयोग दिसला नाही.

प्रत्येक नावासाठी हेच करा. माहितीपत्रकातून सर्वोच्च पातळी घ्या, रेणूभाराने भागून मायक्रोमोलरमध्ये आणा, मोकळ्या अंशाने गुणा. ही मोकळी पातळी विषाणू ९० टक्के रोखणाऱ्या मात्रेच्या वर, आणि तीही दोन डोसांच्या मधल्या सर्वांत खालच्या क्षणी असावी. निम्मा विषाणू रोखणं रुग्णाच्या कामाचं नसतं. ‘फुप्फुसात औषध साठतं’ हा बचाव तुम्हाला हमखास ऐकू येईल. तो मोजलेल्या आकड्यासह आला तर ऐका, पण पेशीच्या आत पिशव्यांमध्ये अडकलेलं औषध विषाणूपर्यंत पोहोचलंच असं नसतं. निक्लोसामाइडची अडचण वेगळी: प्लेटवर ते उत्तम, पण आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं.

डोस लिहिताना मूळ रेणू की त्याचा क्षार, हे स्पष्ट लिहा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सल्फेटच्या २०० मिग्रॅ गोळीत मूळ औषध १५५ मिग्रॅ असतं. क्लोरोक्विन फॉस्फेटच्या २५० मिग्रॅ गोळीत १५०. डेक्सामेथासोनचा रेणूभार ३९२.५ आणि त्याच्या सोडियम फॉस्फेटचा ५१६.४, म्हणून ६ मिग्रॅ मूळ औषधासाठी इंजेक्शनमधला क्षार सुमारे ७.९ मिग्रॅ लागतो. अँप्यूलवर मिग्रॅचा आकडा नेमका कशाचा आहे ते वाचून मग मिलिलिटर ठरवा. ब्राझीलमध्ये क्लोरोक्विनच्या मोठ्या डोसचा, म्हणजे मूळ औषध ६०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, गट धोका दिसल्याने मध्येच थांबवावा लागला होता.

कागदपत्रं

भारतात २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार जुन्या औषधाचा नवा उपयोग हे ‘नवं औषध’च धरलं जातं. कंपनीला पुढे त्या उपयोगासाठी विकायचं असेल तर सीटी-०४ अर्ज आणि सीटी-०६ परवानगी. डॉक्टर स्वतः शैक्षणिक हेतूने, विक्रीची परवानगी मागण्यासाठी नव्हे, ट्रायल करत असेल तर एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित पाहणाऱ्या नैतिकता समितीची) मान्यता हा मुख्य दरवाजा. स्वतःची कमिटी नसलेल्या रुग्णालयाला त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली नोंदणीकृत कमिटी चालते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधली लहान रुग्णालयं एकाच कमिटीखाली येऊ शकतात. हा करार साथ नसताना करून ठेवा. साथीत सगळ्यांचे अर्ज एकाच आठवड्यात येतात.

पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीत) नोंदणी झालीच पाहिजे. गंभीर दुष्परिणाम २४ तासांत कळवायचा, सविस्तर अहवाल १४ दिवसांत. हे लिहिणारा एकच माणूस ठेवला आणि तोच आजारी पडला असं होतं, म्हणून दोघं ठेवा.

संमतीपत्र मराठीत आधी लिहा, भाषांतर करू नका. ‘तुम्हाला नेहमीचे उपचार मिळतीलच. त्यांच्या जोडीला ही गोळी कोणाला द्यायची हे संगणक ठरवतो. डॉक्टर निवडत नाहीत, तुम्हालाही निवडता येत नाही. ही गोळी या आजारावर चालते का हे आज कुणालाच माहीत नाही. नको म्हणालात तरी उपचारांत काही कमी होणार नाही.’ एवढी पाच वाक्यं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असावीत. धाप लागलेला माणूस बारा पानं वाचत नाही.

ट्रायल: किती रुग्ण आणि कशी वाटणी

समजा नेहमीच्या उपचारांत १०० पैकी २५ रुग्ण दगावतात आणि औषधाने ते २० वर येतील अशी आशा आहे. हा फरक ९० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे १,४६० रुग्ण लागतात. ८० टक्के खात्रीवर भागवलं तरी सुमारे १,१००. आता एका रुग्णालयाने प्रत्येक गटात ६० रुग्ण घेतले, एकीकडे १५ दगावले आणि दुसरीकडे १२. यातून निघणारं उत्तर असं: औषधाने मृत्यू १०० मागे २० ने कमी होत असतील, किंवा १० ने वाढतही असतील. म्हणजे काहीच कळलं नाही, आणि १२० माणसांनी आपला जीव त्यासाठी भरवशाने हाती दिला होता. अशा ट्रायल काढूच नयेत. एका शहरातल्या २० रुग्णालयांनी एकच प्रोटोकॉल घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडशेच्या आत रुग्ण येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी ट्रायलचं भारतातलं समन्वयन भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडेच होतं, तेव्हा असं काम पुण्याला नवं नाही.

रिकव्हरीचा पहिला रुग्ण १९ मार्च २०२० ला आला आणि डेक्सामेथासोनचा निकाल १६ जूनला जाहीर झाला. शंभर दिवसांच्या आत. त्यामागे साधेपणा होता: भरतीच्या वेळी छोटा फॉर्म, २८ दिवसांनी किंवा सुट्टीच्या वेळी एक फॉर्म, आणि मुख्य प्रश्न एकच, रुग्ण जिवंत आहे का. पीपीई घातलेल्या नर्सकडून रोजचे चाळीस रकाने भरून घेऊ नका. ते रिकामे राहतात किंवा अंदाजाने भरले जातात.

वाटणी मध्यवर्ती संगणकावरून करा. पाकिटं वापरावीच लागली तर अपारदर्शक, क्रमांक टाकलेली आणि वॉर्डाबाहेर ठेवलेली हवीत. दर चार रुग्णांत दोन-दोन अशी ठरावीक वाटणी ठेवली तर चौथा रुग्ण कुठे जाणार हे रेसिडेंटला आधीच कळतं, आणि बरा दिसणारा रुग्ण नकळत औषधाच्या गटाकडे सरकतो. गठ्ठ्याचा, म्हणजे एका वेळी वाटायच्या रुग्णांचा, आकार ४, ६, ८ असा बदलता ठेवा आणि तो वॉर्डाला सांगू नका.

वाटणी न करता जुन्या केस पेपरवरून औषधाचा गुण काढणं हा मोठा धोका आहे. ज्यांना पाचव्या दिवशी औषध मिळालं ते पाच दिवस जगले होते म्हणून त्यांना ते मिळालं. पहिल्या चार दिवसांत दगावलेले सगळे ‘औषध न मिळालेल्यां’च्या खात्यात जातात आणि पाण्याचं इंजेक्शनही जीवरक्षक दिसू लागतं. प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या बाबतीतही मूळ नोंदी मागा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा एक मोठा निबंध २२ मे २०२० ला लॅन्सेटमध्ये आला, त्यावरून जागतिक ट्रायलचा गट थांबवला गेला, आणि मूळ नोंदी तपासायला देता न आल्याने ४ जूनला तो मागे घेतला गेला. औषधाचा खरा निकाल रिकव्हरीने दिला: २८ दिवसांतले मृत्यू औषध घेणाऱ्यांत २७ टक्के, न घेणाऱ्यांत २५.

वॉर्डात काय बिघडतं

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढवतात, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. औषधाआधी ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहा. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार सुधारलेलं क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं तर औषध बंद. फॅविपिराविरच्या २०० मिग्रॅ गोळ्या पहिल्या दिवशी १८ आणि मग रोज ८, चौदा दिवसांच्या १२२ होतात. रुग्ण तिसऱ्या दिवशी कंटाळतो, म्हणून रिकाम्या पट्ट्या परत मागून मोजा. ते गर्भाला घातक आहे, गर्भचाचणीशिवाय देऊ नका. क्षयाचे उपचार चालू असतील तर रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवून अनेक औषधं वेगाने संपवतं. लोपिनाविर-रिटोनाविर त्याच्याबरोबर देताच येत नाही. स्टेरॉइड चालू असताना साखर दिवसातून चार वेळा पाहा. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे जे रुग्ण महाराष्ट्रभर दिसले त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक हे दोन्ही पुन्हा पुन्हा आढळले.

साठा

औषधाचं नाव बातमीत आलं की दुसऱ्या दिवशी ते दुकानातून गायब होतं. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ज्यांचं रोजचं औषध आहे त्या संधिवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णांना ते शोधत फिरावं लागलं. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी पुण्यात नातेवाइकांच्या रांगा लागल्या, आणि तोपर्यंत सॉलिडॅरिटीच्या अंतरिम निकालात या औषधाने मृत्यू घटल्याचं दिसलं नव्हतं. ट्रायल सुरू करण्याआधी रुग्णालयाच्या औषध विभागाबरोबर बसून नेहमीच्या रुग्णांचा तीन महिन्यांचा साठा वेगळा काढा, वेगळ्या कपाटात, वेगळ्या नोंदवहीत. ट्रायलचा साठा त्यातून कधीही घेऊ नका.

औषध बाद ठरलं तर त्या दिवशीच नवे रुग्ण घेणं थांबवा, चालू रुग्णांचा डोस कधी थांबवायचा ते सुरक्षा समितीकडून लेखी घ्या, आणि निकाल सीटीआरआयवर टाका, नकारात्मक असला तरी. उरलेल्या गोळ्या बॅच नंबरनिशी मोजून हिशेब बंद करा. मग सहभागी झालेल्या प्रत्येकाला फोन करून मराठीत सांगा की त्याला कोणता उपचार मिळाला होता आणि काय निष्पन्न झालं. दगावलेल्यांच्या घरीही हा फोन जायला हवा, आणि तो ट्रायलच्या प्रमुख डॉक्टरनेच करावा.